समुद्रातली अकरा निळी घरं

नाशिकहून समुद्र लांब. त्र्यंबकचा रस्ता धरायचा, जव्हारचा घाट उतरायचा, आणि चार-पाच तासांनी कुठे खारा वारा लागतो. तरी गेली तीन वर्षं माझ्या टेबलावर एक समुद्रकिनारा आहे. त्याची वाळू, त्याच्या विहिरी, त्याची भरती-ओहोटी, सगळं एका संगणकात.

माझं काम भूजलाचं. गंगापूर रोडला एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमचं छोटं ऑफिस आहे. जमिनीखालचं पाणी कुठून येतं, कुठे जातं, किती उपसलं तर काय होईल, याची संगणकावर मॉडेलं करणं हा माझा व्यवसाय. बहुतेक कामं काळ्या खडकातली. देवळ्याकडची कांद्याची गावं, सिन्नरकडचे कोरडे पट्टे. मग एक दिवस डहाणूच्या बाजूच्या एका गावाचं काम आलं. तिथे काम करणाऱ्या एका संस्थेनं विचारलं होतं. गाव अगदी किनाऱ्यावर, मागे चिकूच्या वाड्या, त्यांच्यामागे एक तळं आणि मग टेकड्या. गावातल्या विहिरी एकेक करून मचूळ होत होत्या, आणि कुठली विहीर कधी जाईल हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

मॉडेल म्हणजे काय, हे मला लोकांना नेहमी सांगावं लागतं. जमिनीचे चौकोनी तुकडे पाडायचे. आम्ही त्यांना घरं म्हणतो. या कामात एक घर वीस मीटर लांब, वीस मीटर रुंद. प्रत्येक घराला सांगायचं, तुझ्यात वाळू आहे की चिकणमाती की खडक, तुझ्यावर पडलेल्या पावसातला किती मुरतो, तुझ्यात विहीर आहे का, तिच्यातून किती उपसा होतो. मग प्रत्येक घर शेजारच्या घराला पाणी देतं आणि त्याच्याकडून घेतं. ही देवघेव संगणक लाखो वेळा करतो. शेवटी विहिरीत आपण टेप सोडून मोजलेली पातळी आणि मॉडेलनं काढलेली पातळी ताडून बघायची. जुळली तर बरं. नाही जुळली तर आपलंच काहीतरी चुकलेलं असतं.

त्याच सुमारास माझ्या वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आम्ही त्यांना नाना म्हणतो. देवळाली कॅम्पच्या पुढे आमची शेती आहे, झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. मोतीबिंदू काढल्यावर डॉक्टरांनी महिनाभर धुळीत जायचं नाही म्हणून बजावलं, तेव्हा मी त्यांना आमच्या फ्लॅटवर घेऊन आले. मी आठवड्यातले दोन-तीन दिवस घरून काम करायचे. काळा चष्मा लावून नाना माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसायचे. पडद्याकडे बघू नका म्हटलं की खिडकीबाहेर बघायचे, आणि दोन मिनिटांनी पुन्हा मान इकडे.

नानांना विहीर कळते. आमची विहीर त्यांनी तरुणपणी गडी लावून, स्वतः आत उतरून खोदली. तिच्यात किती झरे आहेत, कुठला आधी आटतो, कॅम्पातल्या लष्कराचा तोफांचा सराव चालू असला की पाण्यावर कशी बारीक थरथर उठते, हे सगळं त्यांना तोंडपाठ. पण माझं हे काम त्यांना पटत नव्हतं. काळ्या खडकाचं एक ठीक, पण समुद्राला लागून वाळूत गोडं पाणी राहतंच कसं, हा त्यांचा प्रश्न होता.

"एक बादली गोडं आन् एक बादली खारं एकत्र केलं तर काय व्हईल? सगळंच खारं. मग तिथं येगळं कसं राहतं?"

मी सांगितलं की खारं पाणी किंचित जड असतं, म्हणून गोडं त्याच्यावर तरंगतं. त्यांनी मान हलवली, पण ती माझा मान ठेवण्यापुरती.

मग मी बाल्कनीत पडलेली माशांची जुनी काचेची पेटी धुऊन काढली. तिच्यात नदीची वाळू भरली, ती एका बाजूला उंच, दुसरीकडे उतरती केली, आणि उतरत्या बाजूनं मिठाचं पाणी हळूहळू ओतलं, वाळू पुरती भिजेपर्यंत. नंतर उंच बाजूला, पावसासारखं थेंब थेंब, बिटाचा रंग दिलेलं साधं पाणी सोडत राहिले. तासाभरानं काचेतून दिसायला लागलं. लाल पाणी वाळूच्या वरच्या भागात साठलं होतं, खाली फुगीर पोट सुटल्यासारखं, आणि त्याच्याखाली बिनरंगाचं खारं पाणी. दोघांमधली रेघ धुरकट होती, पण होती. नाना काचेला नाक लावून बसले. मग म्हणाले, विहीर पाडू या. मी एका नळीच्या टोकाला मलमलचा तुकडा बांधून दिला. त्यांनी ती लाल पाण्यात खुपसली आणि तोंडानं ओढायला लागले. थोडं ओढल्यावर नळीच्या बरोबर खाली ती रेघ उचलायला लागली. खालचं खारं पाणी शंकूसारखं वर चढत आलं. नानांनी आणखी दोन घोट ओढले आणि तोंड वाकडं करून नळी बाहेर काढली.

"वरचं आपण खाल्लं," ते म्हणाले, "म्हनून खालचं वर आलं."

हे मला पुस्तकातून शिकायला दोन वर्षं लागली होती.

मी त्यांना पुढचं सांगितलं. समुद्राच्या पातळीपेक्षा जमिनीतलं गोडं पाणी हातभर वर असेल, तर ते खाली साधारण चाळीस हात खाऱ्या पाण्याला दाबून ठेवतं. आणि वरचं हातभर उपसून टाकलं तर खालचे चाळीस हात हळूहळू जातात. नानांनी पेटी हलवू नका असं घरात सगळ्यांना सांगून ठेवलं. चार दिवस ती डायनिंग टेबलावरच होती.

मॉडेल मात्र वेगळ्याच ठिकाणी अडलं होतं. गावाच्या उत्तरेला दोन जुन्या बोअरच्या नोंदींत गोट्यांचा थर लागल्याचं लिहिलं होतं. कधीकाळी तिथून एखादा ओढा वाहत असणार आणि मग वाळूनं तो झाकून टाकला असणार. त्या अंदाजानं मी तळ्यापासून किनाऱ्यापर्यंत जमिनीखाली गोट्यांचा एक अरुंद पट्टा घातला. तो घातला की विहिरींच्या पातळ्या सुरेख जुळायच्या. पण त्याच वेळी पडद्यावर भलतंच काहीतरी दिसायचं. किनाऱ्याची रेघ संपली की माझ्या नकाशात समुद्र लाल असतो, कारण पेटीतल्याच्या उलट, इथे खारं पाणी मी लाल दाखवते आणि गोडं निळं. त्या लाल समुद्रात, भरतीच्या रेघेपासून दोनशे पावलं आत, अकरा घरं निळी व्हायची. म्हणजे मॉडेल म्हणत होतं की समुद्राच्या तळातून तिथे गोडं पाणी वर येतंय.

गोडं पाणी किनाऱ्याला थोडंथोडं झिरपतं, हे ठाऊकच असतं. पण असं एका जागी, एवढ्या आत? मी पट्टा काढून टाकला. अकरा घरं लाल झाली, आणि पाच विहिरींचं गणित साफ बिघडलं. पट्टा परत घातला, विहिरी जुळल्या, घरं निळी. रुंदी बदलली, खोली बदलली, पाऊस कमी-जास्त केला. तीन आठवडे हेच. आमच्या ऑफिसातले सर, ज्यांच्या हाताखाली मी हे काम शिकले, त्यांनी सगळं नीट बघून सांगितलं की ही मॉडेलची चूक आहे, समुद्राकडची सीमा नीट बसलेली नाही. अहवालात तेवढा भाग नकाशाच्या बाहेर ठेवावा, गावाला त्याचं काही काम नाही. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. समुद्राच्या आत कुणाची विहीर नव्हती.

नानांना मी हे सहज बोलता बोलता सांगितलं. त्यांनी विचारलं, मग तू जाऊन का नाय बघत?

मी म्हटलं, समुद्राच्या खाली काय बघणार?

"तिथल्या मानसांना तर दिसत असंल."

त्यांचा डोळा बरा झाला होता. विहिरींची पुढची मोजणी करायला मला जायचंच होतं, तर ते म्हणाले मीही येतो. त्यांनी आयुष्यात समुद्र एकदाच पाहिला होता, मुंबईला, एका लग्नाला गेले होते तेव्हा. आम्ही सकाळी निघालो. त्र्यंबक मागे पडल्यावर मी त्यांना दाखवलं की या डोंगराच्या अलीकडे पडलेला पाऊस गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, मिळतो आणि पूर्वेला जातो, आणि पलीकडे पडलेला आपण चाललोय त्या समुद्राला. नाना म्हणाले, ढगाला काय कळतंय कुठं सांडलो ते.

गावात पोचल्यावर मी एकेका विहिरीत टेप सोडत गेले. शेवटची विहीर किनाऱ्यालगतच्या एका घराची. विहिरीच्या मालकाशी मी आकडे बोलत होते. नाना पायरीवर टेकले होते. समोरून साठी-पासष्टीची एक बाई डोक्यावर रिकामी पाटी घेऊन चालली होती, ओहोटीला खडकांवरची कालवं काढणाऱ्या बायकांपैकी. नानांनी तिला थांबवलं आणि सरळ विचारलं की बाई, इथं समुद्रात कुठं गोडं पाणी लागतं का?

मला शरमल्यासारखं झालं. पण त्या बाईनं असं उत्तर दिलं, जणू एसटीचा थांबा कुठे आहे म्हणून कुणी विचारलंय.

"लागतं की. आमी तेच पितो. पन आता भरती हाय. उद्या सकाळी या, दावते."

विहिरीचा मालक हसला. त्यालाही हे माहीत नव्हतं. नंतर माझ्या लक्षात आलं, गावाचा सर्व्हे करताना आम्ही विहिरींच्या मालकांना विचारलं होतं. मालक सगळे पुरुष. या बायकांची विहीरच नाही, त्यामुळे आमच्या एकाही फॉर्मवर त्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्र खूप आत गेला होता. अमावस्येच्या आसपासचे दिवस. ओली वाळू पार लांबपर्यंत उघडी पडली होती. कालच्या त्या बाई, आता आमच्या मावशी, पुढे, मी मागे, माझ्या मागे नाना पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून. जागा दाखवणारं यंत्र माझ्या पिशवीत होतं, त्यात अकराही घरं भरलेली होती. मी ते बाहेर काढलं नाही. मला त्या नेतील तिथेच जायचं होतं.

खडकांची एक रांग ओलांडल्यावर मावशी थांबल्या. तिथली वाळू जवळून बघितली तर हलत होती. अगदी बारीक कण, भात शिजायला लागल्यावर पाणी हलतं तसे जागच्या जागी नाचत होते. मावशींनी पाटी खाली ठेवली, दोन्ही हातांनी वाळू उपसून वीतभर खड्डा केला. गढूळ पाणी भरलं. त्यांनी ते ओंजळीनं बाहेर टाकलं. पुन्हा भरलं, पुन्हा टाकलं. तिसऱ्यांदा पाणी निवळ आलं. त्यांनी एक ओंजळ प्यायली, पदरानं तोंड पुसलं आणि बाजूला झाल्या.

मी वाकले. पाणी हाताला गार लागलं, आजूबाजूच्या डबक्यांपेक्षा कितीतरी गार. तोंडात घेतलं. आमच्या घरच्या विहिरीचं असतं तसं पाणी. अगदी शेवटी जिभेवर पुसटसं मीठ. माझ्या दोन्ही बाजूंना समुद्र होता, थोड्या वेळात इथे माझ्या डोक्याच्या वर पाणी चढणार होतं, आणि मी गोडं पाणी पीत होते.

नाना प्यायले. चपला काढून त्यांनी बाजूला ठेवल्या.

मग मी क्षार मोजायचं यंत्र पाण्यात धरलं. आकडा भरभर खाली उतरत गेला आणि पिण्याच्या पाण्याच्या जागी येऊन थांबला. त्यानंतर जागेचं यंत्र काढलं. आम्ही उत्तरेकडून चौथ्या घरात उभे होतो.

त्या क्षणी मला काय वाटलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. नाशिकला दुसऱ्या मजल्यावर बसून मी काही आकडे भरले होते, वाळूचे, पावसाचे, विहिरींचे. त्यांतल्या एकाही आकड्यात ही जागा नव्हती. तरी त्या आकड्यांना ती माहीत होती. आणि मावशींना तर आधीपासूनच. मी विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं? त्या म्हणाल्या, लग्न होऊन आले तेव्हा सासूनं दाखवलं, तिला तिच्या सासूनं.

नानांनी खड्ड्यातून आणखी एक ओंजळ घेतली आणि तिच्याकडे बघत विचारलं, हे पाणी पडलं कवा असंल?

हे मी काढलं होतं. पाण्याचा एक थेंब तळ्याजवळ मुरल्यापासून इथवर यायला किती वेळ लागतो, ते मॉडेल सांगतं. मी म्हटलं, तीसेक वर्षांपूर्वी.

"म्हंजे तू शाळेत होतीस तवाचा पाऊस," नाना म्हणाले, आणि ती ओंजळ प्यायले.

मावशींना आमच्या चेहऱ्यांकडे बघून नवल वाटत असावं. त्या पाटी उचलून खडकांकडे गेल्या. भरतीचं पाणी खड्ड्याच्या काठाला लागेपर्यंत आम्ही तिथेच होतो.

परत आल्यावर मी सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, चूक आहे म्हणण्याआधी मी आणखी एकदा विचारायला हवं होतं. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी असं वाक्य ऐकलं नव्हतं. अकरा घरं अहवालात राहिली, आणि बरं झालं राहिली, कारण तोवर गावात एक ठराव येऊ घातला होता. शाळेच्या मागे मोठी बोअर घेऊन मोठा पंप बसवायचा, गावभर नळ द्यायचे. शाळेच्या मागे म्हणजे बरोबर त्या गोट्यांच्या पट्ट्यावर. तिथे पाणी भरपूर लागणार, यात शंका नव्हती.

ग्रामसभेला मी प्रोजेक्टर घेऊन गेले. शाळेच्या भिंतीवर नकाशा पाडला, गावाला आपापली वाडी, आपापली विहीर दाखवली, आणि समुद्रातली निळी घरंही. एक वाडीमालक उठून म्हणाले की एवढं पाणी जर समुद्रात वाया जात असेल तर ते उचलण्यात शहाणपण नाही का? बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मी बोअर सुरू केली तर काय होतं ते लावलं. भिंतीवर वर्षं सरकत गेली. आधी अकरा घरं एकेक करून लाल झाली. मग लाल रंग त्या पट्ट्यातून आत शिरला, जिभेसारखा, शाळेपर्यंत, नंतर वाड्यांपर्यंत.

मी सांगितलं की ते पाणी वाया जात नाही, ते बाहेर जातंय म्हणूनच समुद्र आत येत नाही. वाडीमालकांनी विचारलं, हे किती वर्षांत होईल? मी खरं ते सांगितलं, चार वर्षांत होईल किंवा दहा, मला नक्की सांगता येणार नाही. ते थोडे चिडले. मागे बायकांमध्ये मावशी बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत, बसल्या जागेवरूनच बोलल्या.

"तवा आमी कुठलं पानी प्यायचं, ते बी सांग म्हनावं."

बोअर झाली नाही. दोन सभांमध्ये वादावादी झाली आणि शेवटी तळ्याच्या बाजूला तीन उथळ विहिरी घ्यायचं ठरलं, प्रत्येकीतून रोज थोडा वेळच उपसा. दोन पावसाळे झाले. किनाऱ्याजवळच्या दोन मचूळ विहिरींचं पाणी आता भात शिजवायला चालतं, असं तिथल्या बायका सांगतात. तिसरीही सुधारेल असं मी लिहून दिलं होतं, ती सुधारली नाही. आणि एक विहीर खारी होणारच म्हणून मी तिच्यावर फुली मारली होती, तिचं पाणी अजून गोडं आहे. का, ते मला ठाऊक नाही. तिच्या मालकानं मला पेढे दिले.

गेल्या खेपेला मावशी स्वतःच आल्या, मी लॅपटॉप उघडून बसले होते तिथे. त्यांना ती जागा पडद्यावर बघायची होती. मी दाखवली. त्यांनी बोट निळ्या घरांवर ठेवलं, मग हळूहळू पश्चिमेला सरकवत नेलं, आणि ते नकाशाच्या कडेपाशी येऊन थांबलं.

"याच्या फुडं?"

मी म्हटलं, माझा नकाशा इथे संपतो.

त्या म्हणाल्या की पुढे आणखी एक आहे. तिथली वाळू कधीच उघडी पडत नाही, होडीनंच जावं लागतं. पाणी संथ असलं की वर एक गुळगुळीत गोल दिसतो. त्यांचा नवरा होता तेव्हा तिथे होडी थांबवून हंडा बुडवायचा.

नाशिकला येऊन मी नकाशा पश्चिमेकडे वाढवला. साठ घरं जास्त. तिथल्या तळाचं काहीच ठाऊक नाही, त्यामुळे अंदाजानं वाळू भरली. मॉडेल चालवलं. सगळी घरं लाल आली, एकही निळं नाही. गोट्यांचा पट्टा पुढे वाढवून पाहिला, तरी नाही. नाना आठवड्यातून एकदा फोन करून विचारतात, दिसलं का? मी नाही म्हणते. पण ती साठ घरं मी काढून टाकलेली नाहीत. पुढच्या महिन्यात समुद्र संथ असताना एक होडीवाला मला न्यायला तयार झालाय, आणि मावशी म्हणाल्यात की हंडा माझा घे.